पंचाहत्तर ताटं आणि एक गाय

प्रश्न बोरिवलीच्या एका सोसायटीतून आला आहे. वसुबारसेच्या संध्याकाळी त्यांनी गेटपाशी गाय-वासरू बोलावलं होतं. पंचाहत्तर घरं, प्रत्येक घरातून एक ताट. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, उडदाचे वडे, पुरण, एका घरातून तर गुलाबजाम. विसेक ताटं झाल्यावर गायवाल्याने गाईचं तोंड बाजूला ओढलं आणि म्हणाला, "आता बस, पोट धरेल तिचं." रांगेतल्या उरलेल्यांना राग आला. पैसे घेतोस आणि वर नैवेद्याला नाही म्हणतोस? पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं की गाय कचराकुंडीतलंही खाते, तिला चार-चार पोटं आहेत, मग आपल्याला पचतं ते तिला का पचू नये? पोट ते पोट. आणि शेवटी एक जोडप्रश्न: घरच्या बोक्याला आणि गेटवरच्या कुत्र्याला ते रोज दूध-पोळी घालतात, ते तरी चालतं ना?

गायवाला बरोबर होता. मला विचाराल तर त्याने विसाव्या ताटापर्यंत वाट पाहिली, हेच जरा जास्त झालं.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले त्याला तीस वर्षं उलटून गेली. तेव्हापासून दिवाळीच्या आठवड्यात माझ्याकडे दोन प्रकारचे पेशंट हमखास येतात. फटाक्यांनी भेदरलेली कुत्री आणि पोट बंद पडलेल्या गायी. दुसऱ्या प्रकारात मालकाला काय झालं हे विचारावंही लागत नाही, शेणाच्या आंबूस वासावरून कळतं. तेव्हा "पोट ते पोट" या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळा घोटाळा तिथे आहे.

आधी चार पोटांचं. गाईला पोट एकच असतं, कप्पे चार. गोठ्यात त्यांना कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट म्हणतात. ज्यांनी घरी कधी वजडी साफ केली आहे त्यांनी यातले निदान दोन कप्पे हातात धरलेले आहेत, फरक इतकाच की ते बोकडाचे होते. आंघोळीच्या टॉवेलसारखा खरखरीत, केसाळ दिसणारा तुकडा म्हणजे कोटीपोट. मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखी षटकोनी नक्षी असलेला तुकडा म्हणजे जाळीपोट. पडदेपोटात जुन्या वहीच्या पानांसारखे पडदे असतात, आणि त्यापुढचा चौथा कप्पा आपल्या पोटासारखा असतो, आम्ल सोडणारा. म्हणून तो "खरं पोट". नावं ठेवणाऱ्यांनी विचार करून ठेवली आहेत.

मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर लिटरहून जास्त मावेल एवढं असतं. घरातल्या पाण्याच्या पिंपाएवढं. ते डाव्या बाजूला असतं, आणि त्यात पाचक रस म्हणावा असा एक थेंबही गाय स्वतः सोडत नाही. मग तिथे गवत पचवतं कोण? तिथे राहणारे जिवाणू, आदिजीव आणि थोड्या बुरश्या. एका थेंबात कोट्यवधी. गवताचा सांगाडा सेल्युलोजचा असतो, आणि सेल्युलोज तोडणारं विकर (एन्झाइम) ना गाईकडे आहे ना तुमच्याकडे. ते या जिवाणूंकडे आहे. गाय त्यांना राहायला जागा देते, ३९ अंशांची ऊब देते, वेळेवर गवत आणि पाणी देते, आणि हवा आत येऊ देत नाही. बदल्यात ते गवत आंबवतात. त्या आंबवण्यातून जी आम्लं तयार होतात (व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल हे त्यातलं मुख्य) ती कोटीपोटाच्या भिंतीतून सरळ रक्तात शोषली जातात. गाईच्या ऊर्जेचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा तिथून येतो. दुधातल्या सायीचा बराचसा भागही त्याच ॲसिटिक आम्लापासून बनतो.

प्रथिनांचं काय? तेही तिथूनच. जिवाणू वाढतात, मरतात, वाहत पुढे जातात, आणि खऱ्या पोटात पोचले की गाय त्यांनाच पचवते. गवत खाऊन गाय एवढी धिप्पाड कशी, असं लोक विचारतात. तर गाय गवतावर जगत नाही, गवतावर वाढवलेल्या जिवाणूंवर जगते. एका अर्थी ती शाकाहारीसुद्धा नाही, पण हे वाक्य वसुबारसेच्या रांगेत म्हणून दाखवण्याचा सल्ला मी देणार नाही.

हे सगळं समजायला इडलीच्या पिठाचा डबा डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत डबा ओट्यावर राहिला तर काय होतं? पीठ उतू जातं, आंबट होतं, वास सुटतो. डिसेंबरात तेच पीठ सकाळपर्यंत फुगतसुद्धा नाही. आंबवणं चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो, ते किती वेगाने होतं हा प्रश्न असतो. कोटीपोटातले जिवाणू कडबा आणि हिरवं गवत आंबवण्यात मुरलेले. कडबा हळू तुटतो, आम्ल हळू तयार होतं, भिंत ते शोषत राहते, आणि गाय रवंथ करताना जी लाळ गिळते ती उरलेलं आम्ल मारते. गाईच्या लाळेत खायचा सोडा असतो, आणि मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते. आपली लाळ दिवसाची लिटर-दीड लिटर. गाय बसून रवंथ करत असते तेव्हा ती आरामात आहे असं आपल्याला वाटतं. तिचं काम चालू असतं. दिवसाचे सहा ते आठ तास ती हेच करते.

आता यात पुरण टाका. शिजवलेली डाळ, गूळ, वर दळून भाजलेली बाजरी. हे सगळं आपण चुलीवर आधीच अर्धं पचवून दिलेलं असतं. ज्या जिवाणूंना पिठूळ आणि गोड आवडतं ते काही तासांत भराभर वाढतात, आणि ते जे आम्ल सोडतात ते दह्यातलं, लॅक्टिक. हे आम्ल भिंतीला झेपत नाही. कोटीपोटाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) एरवी ६ ते ७ मध्ये असतो, तो ५ च्या खाली येतो. गवत पचवणारे जिवाणू मरायला लागतात. आम्लाला पातळ करायला शरीरातलं पाणी आत ओढलं जातं, गाय आतून कोरडी पडते, पोट मात्र पाण्याने डचमळतं. रवंथ थांबतो, म्हणजे लाळ थांबते, म्हणजे सोडा थांबतो, म्हणजे आम्ल आणखी वाढतं. बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत हे कधीही दिसू लागतं. मान टाकते, दात खाते, शेण पातळ, राखाडी, आंबट वासाचं. वाचली तरी पुढे कित्येकदा खुरं दुखायला लागतात, आणि मालकाला कळतच नाही की महिन्याभरापूर्वीच्या जेवणामुळे गाय आज लंगडतेय.

पंचाहत्तर घरांचा हिशोब करू. प्रत्येक ताटात दीडशे ग्रॅम म्हटलं तरी सव्वाअकरा किलो होतात. तेही अर्ध्या तासात, आणि बहुतेक सगळं शिजवलेलं. गोग्रास ही प्रथा ज्यांनी घातली त्यांच्या दारात गाय स्वतःची होती आणि घास एक होता. घासाने काही बिघडत नाही. आपण घास तेवढाच ठेवला, पण घरं पंचाहत्तर केली आणि गाय एकच ठेवली. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बायकांकडे पेंडीशेजारी कणकेचे लाडू विकायला असतात, त्यांचंही हेच गणित. गवताची पेंडी घ्या, लाडू राहू द्या.

अशी गाय आली की आम्ही काय करतो, हे सांगितलं तर कोटीपोट म्हणजे काय हे आणखी पटेल. पहिल्यांदा डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून ठेवते. निरोगी गाईत साधारण दोन मिनिटांत तीनदा आतून लाट येऊन मुठीला उचलते. मूठ स्थिर राहिली तर पोट झोपलं आहे. मग नळीने खायचा सोडा पाण्यात, शिरेतून सलाइन, आणि फारच झालं असेल तर पोट उघडून आतलं सगळं काढून टाकायचं. पण रिकामं करून भागत नाही, कारण तिची जिवाणूंची वसाहत मेलेली असते. मग दुसऱ्या धडधाकट गाईच्या कोटीपोटातला रस काढून हिला पाजतात. विरजण म्हणतात ते हेच. शेजारणीकडून वाटीभर दही आणून दूध लावावं तसं एका गाईचं पोट दुसऱ्या गाईच्या पोटाने लावायचं. गोठ्यातल्या जुन्या माणसांना हे कधी समजावून सांगावं लागलं नाही. शिकलेल्या मालकांना मात्र किळस येते.

"कचराकुंडीतलं खाते, तिला काय होतंय?" याचंही उत्तर द्यायला हवं. तिला होतं, आपल्याला दिसत नाही. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे एक कडक गादी असते. ती जिभेने गवताला वेढा घालते, खालच्या आठ दातांवर दाबते आणि तोडून गिळते. चावायचं काम नंतर, बसल्यावर. रानात ही पद्धत सोयीची. उघड्यावर उभं राहून पटापट पोट भरायचं आणि आडोशाला जाऊन सावकाश चावायचं. पण ज्याला आधी गिळून मग चावायचं असतं त्याला घासात काय आहे हे कळत नाही. भाजीचे देठ ज्या पिशवीत बांधून टाकले त्या पिशवीसकट ती गिळते. प्लास्टिक जिवाणूंना तुटत नाही, पुढे सरकत नाही, दोरी-चिंध्यांबरोबर पिळून त्याचा गोळा होतो. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, त्याच्या आधी आणि नंतरही मी खांद्यापर्यंत हात घालून असे गोळे काढले आहेत. एकदा दोन घमेली भरली. त्या गाईच्या मालकाने घमेल्यांकडे बघून विचारलं, "मग एवढे दिवस पोट भरलेलं दिसत होतं ते हे होतं?" हेच होतं. पोट भरलेली गाय उपाशी होती.

खिळा किंवा तारेचा तुकडा गेला तर तो जड असल्याने जाळीपोटाच्या तळाशी पडतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटलाचा पातळ पडदा आणि काही सेंटिमीटरचं अंतर, बस. पोट आकुंचन पावलं की तार पुढे सरकते. ही गाय उतारावर चालायला नको म्हणते, कोपर बाहेर काढून उभी राहते. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मी जनावरांची डॉक्टर, माणसाच्या पोटावर औषध सांगणार नाही, पण रचना तर सगळ्यांनाच शिकवतात. पोटात अन्न दळलं जातं, कुजतं की विरघळतं, यावर युरोपात बराच काळ वाद होता. १७५२ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो सोडवायला एक घार पाळली. घार न पचणारी गोष्ट ओकून टाकते हे त्याला माहीत होतं. त्याने धातूच्या छोट्या नळीत मांस भरलं, दोन्ही टोकांना जाळी लावली आणि नळी घारीला गिळायला दिली. ओकलेल्या नळीतलं मांस बऱ्याच अंशी विरघळलं होतं. नळीमुळे दळलं जाणं शक्य नव्हतं, कुजल्याचा वास नव्हता. म्हणजे रस असतो आणि रस विरघळवतो. देवनारच्या डंपिंगवर घिरट्या घालणाऱ्या घारींकडे बघताना मला हटकून ती नळी आठवते. पुढे १८२२ मध्ये अमेरिकेत सेंट मार्टिन नावाच्या, फरच्या व्यापारात काम करणाऱ्या माणसाला जवळून गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला बाहेरून भोक राहिलं. त्याचा डॉक्टर बोमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे सोडून किती वेळात काय विरघळतं याच्या नोंदी करत राहिला, आणि १८३३ मध्ये त्या छापल्या. डॉक्टर म्हणून मला बोमाँटचं कौतुक वाटतं, माणूस म्हणून सेंट मार्टिनची दया येते.

आपल्यात क्रम उलटा आहे. आधी आम्ल, मग आतडं, आणि आंबवण्याचा डबा सर्वांत शेवटी, मोठ्या आतड्यात. वरण-भाताचा स्टार्च तोंडातल्या लाळेनेच तुटायला लागतो. पोळी बराच वेळ चावलीत तर गोड लागते ती म्हणूनच. पोटात आम्ल आणि पेप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर, तिथे दोन-चार तास. पुढे साधारण सहा मीटरचं लहान आतडं, यकृताकडून पित्त, स्वादुपिंडाकडून रस, आणि जवळजवळ सगळं शोषण तिथेच. तुम्ही प्यालेलं पाणी आणि शरीराने सोडलेले रस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी या नळीत उतरतं, आणि बाहेर पडतं पाव लिटरपेक्षाही कमी. उरलेलं परत घेतलं जातं. जुलाब लागले की माणूस एका दिवसात का गळून जातो ते या आकड्यावरून कळेल.

पुरणातली साखर आणि पिठूळ भाग आपल्या आतड्यात शोषून संपतो, आपल्या जिवाणूंपर्यंत त्यातलं फारसं काही पोचतच नाही. गाईत तेच पुरण सर्वांत आधी जिवाणूंच्या हाती लागतं. पुरण तेच, पण आपल्याकडे पचन आधी आणि आंबवणं नंतर, तिच्याकडे आंबवणं आधी आणि पचन नंतर.

आपल्या शेवटच्या डब्यात काय होतं याचा अनुभव हवा असेल तर वाल खा. वाल, पावटा, राजमा यांत काही शर्करा अशा असतात की त्या तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचा गॅस करतात. आपल्या आज्या वाल रात्रभर भिजवायच्या, पाणी फेकायच्या, फडक्यात बांधून मोड आणायच्या, एकेक सोलायच्या, तेव्हा कुठे बिरडं व्हायचं. भिजवण्यात काही शर्करा पाण्यात जातात, मोड येताना उरलेल्यांतल्या बऱ्याच वालाचाच अंकुर खाऊन टाकतो. गाय जे काम कोटीपोटात करते ते आपण फडक्यात, डब्यात आणि चुलीवर करतो. आंबोळीचं पीठ, दही, शिजवलेला भात, सगळं त्यातलंच. म्हणून एवढ्या छोट्या पोटावर आपलं भागतं, आणि म्हणूनच आपलं अन्न दुसऱ्याच्या पोटाला जड जातं.

घोडा या दोघांच्या अधेमधे. पोट लहान, पण मोठं आतडं आणि त्याची पिशवी प्रचंड, गवत तिथे आंबतं. आंबवणं शेवटी होत असल्याने जिवाणूंना पचवायची संधी त्याला मिळत नाही, तिथली बरीच प्रथिनं लिदीतून बाहेर जातात. वर घोड्याला उलटी करता येत नाही. खाल्लं ते खाल्लं. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या चालायच्या तेव्हा पोटशुळाने लोळणारी घोडी मी पाहिली आहेत. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सफरी बेकायदा ठरवल्या, तेव्हा इतर कशाहीपेक्षा माझ्या मनात ती घोडी आली.

बोरिवलीकरांसाठी एक खास गोष्ट. राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाताना दोन प्रकार भेटतात, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर आणि लालसर तोंडाचं माकड. माकडाच्या गालांत पिशव्या असतात, तुमची केळी त्यात कोंबून ते पळतं. वानराला त्या पिशव्या नसतात, त्याचं पोट मात्र कप्पेदार असतं आणि त्यात गाईसारखंच पानं आंबवणं चालतं. खऱ्या पोटात जिवाणू फोडण्यासाठी गाय जे विकर वापरते त्याच प्रकारचं विकर वानराच्या पोटातही तसंच घडलं आहे, दोघांचं नातं काहीही नसताना. म्हणून वानराला बिस्किटं देणं हे गाईला गुलाबजाम देण्याच्याच जातीचं. माकडाला देऊ नका ते वेगळ्या कारणासाठी, ते नंतर तुमची पर्स घेतं.

पक्ष्यांना दात नाहीत, ते दळायचं काम पोटात करतात. चिकनवाल्याकडे कलेजी-पेटा मागता ना, तो जाड स्नायूचा पेटा म्हणजे जातं, आणि आतले खडे म्हणजे जात्याचे दगड. कबुतरं वाळूचे कण टिपतात ती म्हणूनच. बाजारातल्या कोळणीला तर माशाचं पोट बघून तो काय खातो ते सांगता येतं. बोय कापली की लांबलचक आतडं आणि पोटात चिखल, कारण ती तळाचा गाळ चाळून खाते. बोंबलाचा जबडा बघा, आत वळलेले सुईसारखे दात. तो शिकारी, त्याचं आतडं आखूड. मांस पचवायला लांब नळी लागत नाही.

त्यावरून तुमच्या बोक्याकडे येते. बोका हा घरातला बोंबील समजा. आतडं आखूड, लाळेत स्टार्च तोडणारं काही नाही, आणि गोड चव ओळखणारा जनुकच मोडलेला. तुम्ही दुधात साखर घातलीत तरी त्याला कळणार नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते मांसा-माशांत असतं. पोळीवर वाढवलेल्या मांजरांची दृष्टी जाते, हृदय फुगतं. हे हळूहळू होतं, म्हणून "आमचा बोका तर पोळीवर दहा वर्षं जगला" असं सांगणारे भेटतात. तो बहुधा बाहेरून उंदीर आणून जगला. दुधाचं म्हणाल तर मोठ्या मांजराला दुधातली साखर पचवणारं विकर फार कमी उरतं. दूध आवडतं आणि जुलाब होतात, दोन्ही खरं. उकडलेली मांदेली, काटे काढून, किंवा मांजरांसाठी तयार मिळणारं अन्न, यावर त्याला ठेवा.

कुत्र्याचं तितकं कडक नाही. स्टार्च तोडणारं स्वादुपिंडातलं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत सापडतात. हे २०१३ मध्ये कळलं. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून त्याचं पोट आपल्या बाजूला सरकलं आहे. तेव्हा गेटवरच्या कुत्र्याला पोळी चालेल, पण पोळी पोटभर आणि वर काहीच नाही असं नको. भात-पोळीत अंडं किंवा चिकनचं पाणी आणि तुकडे घाला. दुधाऐवजी थोडं दही किंवा ताक बरं, त्यातली साखर विरजणाने आधीच कमी केलेली असते. काही गोष्टी मात्र त्याला अजिबात नकोत. कांदा आणि लसूण, मग ते आमटीत शिजलेले का असेनात, रक्तातल्या लाल पेशी फोडतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगगम. दिवाळीत बेदाणे घातलेला शिरा खाऊन कुत्रं आजारी पडलं तर ते "जास्त खाल्लं म्हणून" असं समजून थांबू नका.

पुढच्या वसुबारसेचं सांगते. रांग लावा, हळद-कुंकू लावा, ओवाळा, त्याने काही बिघडत नाही. नैवेद्य पंचाहत्तर घरांचा मिळून एकच, घासभर, केळीच्या पानावर घ्या, आणि ते पान गाईपुढे ठेवा. बाकी प्रत्येक घराने गवताची एक जुडी आणावी. हिरवं गवत, मक्याचा हिरवा चारा, कडबा, काहीही चालेल, फक्त दोरा किंवा रबर काढून. पिशव्या गेटच्या आतच राहू द्या. उरलेलं पुरण कामाला आलेल्या माणसांना वाढा, ते त्यांना नक्की पचतं. गाय किती घरं करून आली आहे हे गायवाल्याला आधी विचारा. त्या दिवशी तुमची सोसायटी तिची चौथी असू शकते.

कार्यक्रम संपल्यावर लगेच तिला हाकलू नका, अर्धा तास सावलीत बसू द्या. या वेळात डावी बाजू ढोलासारखी वर आली, ती पुन्हा पुन्हा उठबस करू लागली किंवा तोंडातून लाळ गळू लागली तर डॉक्टरला बोलवा, घरगुती काढा शोधत बसू नका. तसं काही नसेल तर तिच्या मानेच्या डाव्या बाजूला बघा. एक गोळा खालून वर चढताना दिसेल, मग जबडा आडवा फिरायला लागेल. चाळीस ते साठ वेळा. मग ती गिळेल, गोळा खाली जाईल, चार-पाच सेकंद काहीच नाही, आणि दुसरा वर येईल. सोसायटीतल्या पोरांना मोजायला बसवा.